‘असं असतं तर?’ विचारणाऱ्या लेखिका आणि त्यांच्या पुस्तकांपायी आयुष्य वेचणारे अभ्यासक

२०२५च्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळच्या डोंगरउतारांवर वणवा पेटला आणि ऑल्टाडेना या गावातली हजारो घरं जळून गेली. त्याच सुमारास एका जुन्या कादंबरीच्या पानांचे फोटो जगभर फिरायला लागले. कादंबरी १९९३ सालची, नाव ‘पॅरबल ऑफ द सोअर’, लेखिका ऑक्टेव्हिया बटलर. एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीची ही डायरी आहे आणि तिची पहिली नोंद जुलै २०२४ची आहे. पाऊस पडेनासा झालाय, पाणी पेट्रोलपेक्षा महाग आहे, माणसं भिंतीआडच्या वस्त्यांत जीव मुठीत धरून राहतायत. १ फेब्रुवारी २०२५च्या नोंदीत ती लिहिते की आज इथे आग लागली. बटलर लहानाच्या मोठ्या झाल्या त्या शेजारच्याच पासाडेना शहरात, आणि त्यांचं दफन झालं ते ऑल्टाडेनात.

आमच्या वाचनकट्ट्यावर तेव्हा एका मावशींनी विचारलं, “या बाईंना पुढचं दिसायचं की काय?” बऱ्याच बातम्यांचा सूरही तसाच होता. स्वतः बटलर यांनी याचं उत्तर साध्या शब्दांत देऊन ठेवलं आहे. आज आपण ज्या प्रश्नांकडे डोळेझाक करतो, ते प्रश्न मी घेतले आणि त्यांना वाढायला तीसेक वर्षं दिली, इतकंच.

मला त्या आठवड्यात दुसरंच कुतूहल वाटत होतं. बत्तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक आज दुकानात मिळतं, विद्यापीठांत शिकवलं जातं, त्याची पानं चटकन हाताशी येतात, हे आपोआप झालं का? पुस्तकं आपोआप टिकत नाहीत. कुणीतरी ती टिकवावी लागतात. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या या प्रकारच्या लेखनावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं, ते साहित्याचे अभ्यासक नेमकं काय करतात, हे समजून घ्यायचं आहे.

### आधी शब्द समजून घेऊ

इंग्रजीत ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ असा शब्द आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भुताखेतांच्या गोष्टी, भविष्यातल्या जगाच्या कथा हे सगळे प्रकार त्या एकाच मांडवाखाली येतात. सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: असं असतं तर? म्हणून मी इथे त्यांना ‘जर-तरच्या कथा’ म्हणणार आहे.

बदाम सात आपण सगळे खेळलो आहोत. डाव बदाम सत्तीपासूनच सुरू होतो. मग ज्याच्या हातात सत्तीच्या आसपासची पानं, तो निवांत; ज्याच्याकडे राजे आणि एक्के, तो अडकून बसलेला. आता कुणी म्हणालं, आजचा डाव एक्क्यापासून सुरू करू. एका क्षणात चांगला हात वाईट होतो आणि वाईट हात चांगला. आणि मग लक्षात येतं, की पानांत मुळात चांगलं-वाईट काही नव्हतंच, तो नियमाचा खेळ होता. जर-तरची कथा जगाचा असाच एखादा नियम बदलून बघते. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेलीच पानं आली, त्या माणसांनी हा प्रकार हाती घेतला तर तो पळ काढण्याचा मार्ग राहत नाही. नियम कुणी ठरवले, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

### अभ्यास म्हणजे काय? गोष्ट तर कुणीही वाचतं

एक वाक्य घेऊन बघू. बटलर यांची १९७९ची कादंबरी ‘किंड्रेड’. नायिका डेना ही १९७६ सालातली लॉस एंजेलिसची कृष्णवर्णीय लेखिका. आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी ती अचानक खेचली जाते ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मेरीलँडमध्ये, गुलामगिरीच्या काळात. तिथे रूफस नावाचा गोरा मुलगा बुडत असतो. ती त्याला वाचवते. पुढे कळतं, की हा गुलामांच्या मालकाचा मुलगा तिचाच पूर्वज आहे. तो जगला नाही, तर तिचा वंशच सुरू होणार नाही. म्हणून तो जिवावरच्या संकटात सापडला की दर वेळी ती मागे ओढली जाते.

कादंबरीचं पहिलंच वाक्य शेवट सांगून टाकतं: घरी परततानाच्या शेवटच्या खेपेत माझा हात गेला. लगेच पुढे, डावा हात.

साधा वाचक इथे दचकतो आणि पान उलटतो. अभ्यासक ‘घरी’ या शब्दापाशी थांबतो. कुठलं घर? कॅलिफोर्नियातलं, जिथे ती नुकतीच नवऱ्याबरोबर राहायला आली आहे, की मेरीलँडचा तो मळा, जिथून तिचं रक्त सुरू झालं? पुस्तकात पुढे डेना स्वतःच एका क्षणी चपापते, की या मळ्याला आपण मनात घर म्हणायला लागलो. शेवटच्या खेपेत परतताना डेनाचा हात तिच्या घराच्या भिंतीत अडकून तुटतो. मग अभ्यासक विचारतो, हात भिंतीतच का अडकला? आणि तोही नेमका तिथे, जिथे रूफसने तो धरला होता? एका शब्दाचा असा माग काढत दोनशे पानं पार करायची, मग तोच शब्द गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांच्या खऱ्या आत्मकथनांत कसा येतो ते तपासायचं, आणि आपलं म्हणणं दुसऱ्या जाणकारांच्या परीक्षणाला द्यायचं. हे रोजचं काम आहे. पण ते पुढचं. त्याआधी पुस्तक हातात असावं लागतं.

### पहिलं काम: पुस्तक शोधून काढणं

आपल्याकडचं उदाहरण आधी आठवा. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुढे ते लोकांच्या नजरेआड गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, आणि मगच आपल्या दोन-तीन पिढ्यांना ताराबाई कळल्या. त्याआधीही पुस्तक होतंच, पण ते कुणाच्या हातात नव्हतं.

पॉलीन हॉपकिन्स यांचं तसंच झालं. बॉस्टनच्या ‘कलर्ड अमेरिकन मॅगझिन’मध्ये १९०२-०३ साली त्यांची ‘ऑफ वन ब्लड’ ही कादंबरी क्रमशः आली. आपली ओळख लपवून गोऱ्यांत वावरणारा एक कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी आफ्रिकेत जातो, आणि जमिनीखाली दडलेली एक प्राचीन, प्रगत नगरी त्याला सापडते. आपण तिचाच राजवंशज आहोत हेही त्याला तिथेच कळतं. सिनेमातल्या ‘वकांडा’ या काल्पनिक, प्रगत आफ्रिकी देशाचं नाव आज पोराटोरांना ठाऊक आहे, ही नगरी एका बाईने शंभर वर्षांहून आधी रचली होती. १९०४ मध्ये हॉपकिन्स त्या मासिकातून बाहेर पडल्या. पुढे पोटासाठी लघुलेखनिकाचं काम केलं आणि १९३०मध्ये भाजून त्यांचा मृत्यू झाला. मासिकाचे जुने अंक ग्रंथालयांत धूळ खात राहिले.

१९७२ साली अ‍ॅन अ‍ॅलन शॉकली यांनी हॉपकिन्सवर एक लेख लिहिला आणि हे नाव पुन्हा वर आलं. शॉकली या स्वतः नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात ग्रंथपाल होत्या, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मराठीतही अशी कितीतरी कामं ग्रंथपालांच्या टेबलावरच सुरू झाली आहेत. त्यानंतर हेझल कार्बी यांनी हॉपकिन्सचा सखोल अभ्यास केला, आणि १९८८ साली त्यांच्या प्रस्तावनेसह हॉपकिन्सच्या मासिकांतल्या कादंबऱ्या एकत्र पुस्तकरूपाने आल्या. पहिल्या हप्त्यापासून मोजलं तर शहाऐंशी वर्षं.

### एका अभ्यासक बाईंची वाट

फ्रान्सिस स्मिथ फॉस्टर यांची कारकीर्द मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. त्यांचा मूळ विषय गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथनं. त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं १९७९ साली, म्हणजे ‘किंड्रेड’ आलं त्याच वर्षी. एक बाई खऱ्या आत्मकथनांचा अभ्यास छापते, आणि त्याच वर्षी दुसरी बाई आजच्या एका मुलीला त्या काळात पाठवून तसंच आत्मकथन कल्पनेने लिहिते.

१९८२ साली ‘एक्स्ट्रापोलेशन’ या विज्ञानकथांना वाहिलेल्या नियतकालिकात फॉस्टर यांचा बटलरवरचा लेख आला. बटलर यांची तेव्हा पाच पुस्तकं झाली होती, पण विद्यापीठांच्या जगात त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. विज्ञानकथावाल्यांच्या लेखी कृष्णवर्णीय बाई नवखी, आणि कृष्णवर्णीय साहित्याच्या अभ्यासकांच्या लेखी परग्रह आणि मनकवडी माणसं हा पोरखेळ. अशा वेळी आपल्या नावाने गंभीर लेख लिहिणं म्हणजे काय, हे त्या पेशाचं गणित माहीत असेल तर कळतं. अमेरिकेत प्राध्यापकाला साधारण सहाएक वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर काढावी लागतात, मग त्याचं लेखन तपासून त्याला कायम करतात किंवा घरी पाठवतात. त्या काळात ‘हा कसला विषय?’ असं वरिष्ठांना वाटलं, तर पोटावर पाय येतो.

याच फॉस्टर यांनी पुढे फ्रान्सिस हार्पर या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीच्या तीन कादंबऱ्या एका चर्चच्या साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतून शोधून काढल्या आणि १९९४मध्ये छापून आणल्या. तोवर सगळे समजत होते की हार्पर यांची कादंबरी एकच, १८९२ची. या तीन त्याच्याही आधीच्या निघाल्या. काही हप्ते मिळालेच नाहीत. भविष्यातल्या कथांवर लिहिणारी बाई आणि पिवळ्या पडलेल्या अंकांत मान घालून बसणारी बाई एकच. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे प्रश्न तोच आहे: या स्त्रियांनी काय काय कल्पिलं होतं, आणि ते आपल्यापर्यंत का पोचलं नाही?

दरम्यान ‘किंड्रेड’सुद्धा बाजारातून गेलं होतं. मुळात अनेक प्रकाशकांनी ते परत पाठवलं होतं, कारण ते कुठल्या कप्प्यात बसवायचं हेच कुणाला कळत नव्हतं. १९८८मध्ये बॉस्टनच्या बीकन प्रेसने ते पुन्हा काढलं. कृष्णवर्णीय लेखिकांच्या ज्या मालेत ते आलं, तिच्या संपादक होत्या डेबोरा मॅकडॉवेल, म्हणजे पुन्हा एक साहित्याच्या अभ्यासक. त्या आवृत्तीतून ते वर्गांत शिरलं, आणि वर्गात शिरलेलं पुस्तक दर वर्षी नव्या वाचकांपुढे येत राहतं.

### हात खरंच गेला, की ते नुसतं प्रतीक?

आता पुढची पिढी. सॅमी शॉक या विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवतात. २०१८मध्ये त्यांचं ‘बॉडीमाइंड्स रीइमॅजिन्ड’ हे पुस्तक आलं, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जर-तरच्या कथांमधल्या अपंगत्वाविषयी. त्यातला एक विचार मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

डेनाचा हात जातो. समीक्षक वर्षानुवर्षं म्हणत आले, की हा हात म्हणजे प्रतीक: गुलामगिरीने माणसांचं जे तोडलं त्याचं. खुद्द बटलर यांनीही म्हटलं होतं, की तिला तिथून अखंड परत येऊ देणं मला शक्यच नव्हतं. शॉक म्हणतात, प्रतीक आहेच, पण तेवढ्यावर थांबू नका. गुलामगिरीने माणसं खरोखर अपंग केली. पळून गेलेल्यांना पकडून देण्यासाठी मालक वर्तमानपत्रांत ज्या जाहिराती देत, त्यांत ओळख पटावी म्हणून काय लिहिलेलं असे? पाठीवर फटक्यांचे वळ, कापलेला कान, तुटलेली बोटं, डागणीची खूण. त्या माणसांची दुखणी प्रतीकं नव्हती. तेव्हा डेनाच्या हाताकडे केवळ प्रतीक म्हणून बघितलं, तर आपण त्या शरीरांना दुसऱ्यांदा पुसून टाकतो. दोन्ही अर्थ एकाच वेळी धरावे लागतात.

मनाचंही तसंच. फिलिस अलेशिया पेरी यांच्या १९९८च्या ‘स्टिग्माटा’ या कादंबरीत एका मुलीला घराण्यातली जुनी गोधडी मिळते आणि गुलामगिरीतल्या पूर्वज बाईच्या आठवणी तिच्या अंगावर उमटू लागतात, अगदी मनगटांवर बेड्यांच्या जखमांसकट. घरचे तिला मनोरुग्णालयात टाकतात, चौदा वर्षं. कादंबरीच्या जगात तिच्याबाबतीत घडतंय ते खरं आहे. मग वेडं कोण, आणि ठरवणार कोण? १८५१मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या अमेरिकी डॉक्टराने गुलामांच्या पळून जाण्यालाच एक मानसिक रोग ठरवून त्याला भारदस्त नाव दिलं होतं, हे लक्षात ठेवलं की हा प्रश्न नुसता गोष्टीतला राहत नाही.

आणि ‘पॅरबल’मधली ती मुलगी, लॉरेन? दुसऱ्याला लागलेलं पाहिलं की तिला स्वतःला तितकंच दुखतं. वाचक म्हणतात, किती सुंदर, सगळ्यांनाच असं असतं तर! शॉक तिथे आपल्याला थांबवतात आणि पुस्तकाकडे परत नेतात. या मुलीला हल्लेखोराशी लढताना त्याचीही वेदना सोसावी लागते. ती हे लपवते, कारण कुणाला कळलं तर तिचा फायदा घेतला जाईल. त्याच वेळी तिला दुसऱ्याचं सुखही जाणवतं. तिच्या अवस्थेला वरदान किंवा शाप म्हणून मोकळं होता येत नाही. ती तिच्याबरोबर जगते, जुळवून घेते, योजना आखते. अपंगत्वासह जगणाऱ्या कुणालाही विचारा, हे ओळखीचं वाटेल.

### पण कृष्णवर्णीय, त्यातही स्त्रिया, हा वेगळा कप्पा कशाला?

हा आक्षेप प्रामाणिक असतो. चांगलं लेखन ते चांगलं लेखन, लिहिणाऱ्याची जात-वर्ण-लिंग कशाला बघायचं? १९८७ साली बटलर यांची ‘डॉन’ ही कादंबरी आली. नायिका लिलिथ कृष्णवर्णीय आहे, पुस्तकात ते स्पष्ट आहे. मुखपृष्ठावर मात्र गोरी बाई छापली गेली. म्हणजे कप्पा आधीपासून होताच, आणि नायिका गोरीच असणार हे त्यात गृहीत होतं. अभ्यासकांनी वेगळं नाव दिलं ते या गृहीताकडे बोट दाखवायला. आपल्याकडे ‘दलित साहित्य’ असं वेगळं कशाला म्हणायचं, म्हणून झालेले वाद आठवले तर या आक्षेपाचं उत्तर आपल्याला नव्याने शिकायला लागणार नाही.

आणि हे दोन प्रवाह एकमेकांना अनोळखी नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं नाव घेऊन. बाबासाहेबांनी १९४६च्या सुमारास ज्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंताने १९२०मध्ये एक जर-तरची कथाही छापली होती: धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क निर्मनुष्य होतं, मागे एक कृष्णवर्णीय पुरुष आणि एक गोरी स्त्री उरतात, आणि काही तासांपुरता वर्ण हा नियमच नाहीसा होतो. २०००मध्ये शेरी थॉमस यांनी अशा कथांचा ‘डार्क मॅटर’ हा संग्रह काढला, त्यात ही कथा घेतली.

### लेखिकेच्या मनात नसलेलंच हे लोक काढतात का?

कधीकधी काढतात. वाईट समीक्षा असतेच. पण या बाबतीत पडताळून बघायला जागा आहे. बटलर काहीही फेकत नसत. २००६मध्ये त्या वारल्या, त्यानंतर त्यांचे कागद पासाडेनाजवळच्या सॅन मरिनोतल्या हंटिंग्टन ग्रंथालयात गेले: आठ हजारांहून अधिक नोंदी, साडेतीनशेहून जास्त खोकी. ते लावायलाच काही वर्षं गेली. मसुदे, पत्रं, कात्रणं, वह्या, वह्यांत महिन्याच्या खर्चाच्या बेरजा. वडील लहानपणीच गेलेले, आई लोकांच्या घरी घरकाम करायची, मागच्या दाराने आत जायची. ‘किंड्रेड’चं बीज तिथलंच. कॉलेजात एक मुलगा आधीच्या पिढीला दुबळी म्हणून शिव्या घालत होता, आणि बटलर यांना आपली आई आठवत होती.

‘पॅरबल’चा तिसरा भाग बटलर लिहू शकल्या नाहीत. गेरी कॅनव्हन या अभ्यासकांनी ती खोकी उघडून बघितली, तर त्या कादंबरीच्या कितीतरी सुरुवाती निघाल्या. काही पानं लिहायची, अडायचं, पुन्हा पहिल्यापासून. वर्षानुवर्षं. बाईंना भविष्य दिसायचं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

त्याच कागदांत १९८८ सालच्या एका वहीच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला त्यांनी स्वतःलाच बजावलं आहे: माझी पुस्तकं सर्वाधिक खपाच्या यादीत येतील, मी स्वतःचं चांगलं घर घेईन, गरीब कृष्णवर्णीय मुलांना लेखन शिबिरांना पाठवीन. खाली दोन छोटी वाक्यं: असंच होवो. आणि तसं घडवून आण. त्या वर्षी बटलर एकेचाळीस वर्षांच्या होत्या आणि ‘किंड्रेड’ नुकतंच पुन्हा छापलं जात होतं. २०२० साली, त्या गेल्यानंतर चौदा वर्षांनी, ‘पॅरबल ऑफ द सोअर’ न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या यादीत आलं.

### मावशींना काय वाचायला द्यावं?

मी त्यांना ‘किंड्रेड’च दिलं, तेही पहिल्या वाक्यापाशी खूण घालून. ‘ऑफ वन ब्लड’वर आता कुणाचा हक्क राहिलेला नाही, ते फुकट वाचता येतं, पण भाषा जुन्या वळणाची आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. दहा दिवसांनी मावशींचा फोन आला. पुस्तक अर्धंच झालं होतं. त्यांनी विचारलं, “अगं, ती त्या मळ्यावर परत आली की ‘घरी आले’ म्हणते, ते तुझ्या लक्षात आलं होतं का?”